श्वास आणि हृदयाचा ठेका : नवजात पिल्लात व प्रौढ प्राण्यात

शांत पहुडलेल्या निरोगी कुत्र्याच्या छातीवर, डाव्या कोपराच्या मागे तळहात ठेवला, तर हृदयाचे ठोके हाताला स्पष्ट लागतात. पण ते घड्याळाच्या टिकटिकीसारखे समान अंतराने पडत नाहीत. तीन-चार ठोके भराभर पडतात, मग अंमळ विराम, पुन्हा भराभर. हे प्रथमच अनुभवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दुसरा हात कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवला म्हणजे उलगडा होतो. बरगड्या वर येतात, श्वास आत जातो, तेव्हा ठोके जलद पडतात. बरगड्या खाली बसतात, श्वास बाहेर जातो, तेव्हा ते रेंगाळतात. हा आजार नव्हे. विश्रांत अवस्थेतील निरोगी कुत्र्याच्या हृदयाची हीच स्वाभाविक चाल आहे.

आता त्याच जातीचे एका दिवसाचे पिल्लू हातात घ्यावे. त्याच्या इवल्याशा छातीत मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके पडत असतात आणि ते जवळजवळ एकसारखे असतात. श्वास आत गेला काय किंवा बाहेर आला काय, ठेक्यात फरक कळत नाही. काही आठवड्यांनी याच पिल्लाचे हृदय आईप्रमाणे श्वासाच्या तालावर झुलू लागते. मधल्या काळात काय घडले, आणि ते घडण्यापूर्वी पिल्लाच्या हृदयावर श्वासाची सत्ता नसते की ती निराळ्या वाटेने चालते, हा शरीरक्रियाविज्ञानातील जुना प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर गोठ्यातल्या वासराचा आणि प्रसूतिगृहातल्या बाळाचाही जीव अवलंबून असतो.

श्वासाबरोबर होणाऱ्या या चढउताराला वैद्यकात ‘रेस्पिरेटरी सायनस अऱ्हिदमिया’ म्हणतात. मराठीत त्याला श्वसनानुसारी स्पंदविषमता म्हणता येईल. ‘सायनस’ हा शब्द हृदयाच्या उजव्या अलिंदातील गतिकारक गाठीचा निर्देश करतो. प्रत्येक ठोका याच गाठीतून, म्हणजे योग्य ठिकाणाहूनच निघतो. केवळ दोन ठोक्यांमधील अंतर बदलते. ‘अऱ्हिदमिया’ म्हणजे तालभंग. खरे तर हे नाव पदार्थावर अन्याय करणारे आहे, कारण येथे ताल मोडत नाही, एका तालावर दुसरा ताल चढतो. पण नाव रुळले ते रुळलेच.

शोधाची वाटचाल

इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने एका घोडीच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच उंचीपर्यंत चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामुळे रक्तदाब प्रथम मोजला गेला. नळीतील रक्ताची पातळी प्रत्येक ठोक्याबरोबर हलते, तशी ती श्वसनाबरोबरही वरखाली होते, हे त्याच्या ध्यानी आले होते. मात्र डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीची नोंद कागदावर उमटवणारे साधन त्याच्याजवळ नव्हते.

ते साधन कार्ल लुडविग याने १८४७ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे तयार केले. फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळायचा आणि रक्तदाबाबरोबर हलणाऱ्या लेखणीने त्यावर रेघ ओढायची, अशी ती योजना. कुत्र्याच्या छातीतील दाब आणि धमनीतील दाब यांच्या रेघा एकत्र पाहिल्यावर श्वास घेताना नाडी जलद आणि सोडताना मंद होते, हे निर्विवाद दिसले. त्याच्या दोन वर्षे आधी, १८४५ साली, वेबर बंधूंनी व्हेगस तंत्रिका उत्तेजित केली असता हृदय मंदावते, इतकेच नव्हे तर थांबतेही, असे दाखवले होते. तंत्रिका उत्तेजित केल्याने एखादे इंद्रिय काम करू लागण्याऐवजी थांबते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. या दोन निरीक्षणांची सांगड घालायला पुढच्या पिढीला फार वेळ लागला नाही. श्वासाबरोबर बदलणारी नाडी ही व्हेगसचीच करामत असली पाहिजे, असा तर्क १८६८ मध्ये डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स याने मांडला.

वाद उरला तो निराळा. व्हेगसला श्वासाची वर्दी देतो कोण? फुगणारी फुप्फुसे की मेंदूतील श्वसनकेंद्र? फुप्फुसे माफक फुगवली तर हृदय जलद होते, असे एवाल्ड हेरिंग याने १८७१ मध्ये दाखवले. म्हणजे वर्दी फुप्फुसांकडून येते. बेल्जियममधील लिएज येथे लेओं फ्रेदेरिक याने १८८२ मध्ये छाती उघडलेल्या, म्हणजे फुप्फुसे फुगू न शकणाऱ्या कुत्र्यांतही हा चढउतार टिकून राहतो, असे दाखवले. म्हणजे वर्दी मेंदूतच तयार होते. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. पावलॉव्ह यांचे शिष्य ग्लेब अनरेप कैरो येथे असताना त्यांनी पास्कुआल आणि रोस्लर यांच्यासह १९३६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत फुप्फुसांची हालचाल आणि मेंदूतील श्वसनाची चालना या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या. दोहोंपैकी कोणतीही एक एकटी असली तरी हृदयाची गती श्वासाच्या तालावर बदलते. एरवी दोन्ही एकत्र काम करतात.

वेशीचा दरवाजा

व्हेगसला मराठी परिभाषेत प्राणेशा तंत्रिका म्हणतात. तिच्या हृदयाकडे जाणाऱ्या तंतूंची मुळे मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असतात. तेथील पेशी हृदयाला सतत ‘हळू’ असा निरोप धाडत असतात. हा निरोप गतिकारक गाठीपाशी ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने पोहोचतो. व्हेगसमधून असे रसायन स्रवते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर सिद्ध केले आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले. विश्रांत प्रौढ कुत्र्याचे किंवा माणसाचे हृदय त्याच्या स्वतःच्या उपजत वेगापेक्षा बरेच हळू चालते, ते या निरोपामुळे.

निरोप देणाऱ्या या पेशींच्या शेजारीच श्वसनाची लय उत्पन्न करणाऱ्या पेशी असतात. १९७० व १९८० च्या दशकांत मायकेल स्पायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांमध्ये या पेशींतील विद्युत्‌व्यवहार प्रत्यक्ष नोंदवला. श्वास आत घेण्याची आज्ञा सुटली की हृदयाला मंदावणाऱ्या पेशी त्याच क्षणी दबल्या जातात. रक्तदाब वाढल्याची बातमी आली तरी त्या तिला दाद देत नाहीत. उच्छ्वास सुरू होताच त्या पुन्हा जाग्या होतात. शास्त्रज्ञ याला दरवाजाची उपमा देतात. वेशीचा दरवाजा श्वास घेताना बंद होतो आणि सोडताना उघडतो. बाहेर निरोप्यांची कितीही गर्दी असो, आत जायचे ते दरवाजा उघडल्यावरच.

याच्या जोडीला फुप्फुसे ताणली गेल्याची वर्दी असते. शिवाय श्वास घेताना छातीत ओढ निर्माण होऊन उजव्या अलिंदात अधिक रक्त येते, त्याने गतिकारक गाठ किंचित ताणली जाते व तिचा वेग वाढतो. पण हा शेवटचा भाग अगदी अल्प आहे. हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या नव्या हृदयाला तंत्रिका जोडलेल्या नसतात. त्याच्यात श्वासाबरोबरचा चढउतार जवळजवळ नाहीसा होतो, जो उरतो तो या ताणाचा. ॲट्रोपीन दिले तरीही तसेच होते, कारण ते ॲसिटिलकोलीनचा मार्ग अडवते.

या सगळ्यात वेळेचा हिशोब महत्त्वाचा. व्हेगसचा परिणाम हृदयावर एका सेकंदाच्या आत दिसतो. हृदयाला जलद करणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांचा परिणाम दिसायला मात्र कित्येक सेकंद लागतात. म्हणून एकेका श्वासाच्या पावलावर पाऊल टाकणे व्हेगसलाच जमते, आणि तिलाही श्वास संथ असेल तरच. कुत्रा धापा टाकू लागला की चढउतार लोपतो. उलट माणसाने मिनिटाला सुमारे सहा श्वास इतका संथ वेग धरला, तर तो सर्वांत ठळक होतो. प्राणायामाचा अभ्यास करणाऱ्याच्या मनगटावर बोट ठेवल्यास तो हातालाही कळतो. मात्र त्या क्षणी आलेख मोठा दिसला म्हणून हृदय अधिक निरोगी झाले, असा अर्थ काढण्याची घाई करू नये. वेग बदलला म्हणून आलेख बदलला, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

जातीजातींचे वेगळेपण

सगळ्या प्राण्यांत हा प्रकार सारखा नाही. कुत्र्यात तो सर्वाधिक ठळक असतो. मांजर घरी झोपलेले असताना तिच्यातही दिसतो. दवाखान्याच्या टेबलावर मात्र भीतीने अनुकंपी तंत्रिकांचा जोर होतो आणि तो नाहीसा होतो. विश्रांत घोड्याचे हृदय मिनिटाला २८ ते ४४ ठोके देते. त्याची व्हेगस आपला प्रभाव बहुधा निराळ्या रीतीने दाखवते, अधूनमधून एक ठोका गाळून. घोडा दुडक्या चालीने पळू लागला की गळालेले ठोके परत येतात.

पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत श्वास आणि हृदय यांचे नाते टोकाला जाते. किनाऱ्यावर झोपलेला एलिफंट सील कित्येक मिनिटे श्वासच घेत नाही; त्या काळात त्याचे हृदय संथ चालते आणि श्वास सुरू होताच वेग घेते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर नोंदयंत्र चिकटवण्यात संशोधकांना यश आले. पाण्यावर येऊन श्वास घेताना त्याचे हृदय मिनिटाला २५ ते ३७ ठोके देत होते. खोल पाण्यात भक्ष्य शोधताना बहुतेक वेळ चार ते आठ, आणि कधीकधी अवघे दोन. सीलच्या पिल्लाला मात्र हे जन्मतः साधत नाही. पाण्याखाली त्याचे हृदय मंदावते, पण मोठ्या सीलसारखे स्थिर राहत नाही. ती शिस्त वयाबरोबर येते.

बुडीतील या मंदगतीचे कोडे सोडवताना मायकेल डी बर्ग डेली यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग मोलाचे ठरले. मानेतील धमन्यांजवळ रक्तातील प्राणवायू तपासणारे सूक्ष्म ग्राही पिंड असतात. प्राणवायू घटला की ते दोन आज्ञा सोडतात : श्वास वाढव आणि हृदय मंद कर. मोकळ्या हवेतील प्राणी पहिली आज्ञा पाळतो. त्याचा श्वास वाढतो, फुप्फुसे ताणली जातात, दरवाजा वारंवार बंद होतो आणि दुसरी आज्ञा दबून जाते. हृदय मंदावण्याऐवजी जलदच होते. पण श्वास घेणेच शक्य नसेल तर दुसरी आज्ञा उघडी पडते आणि हृदय एकदम मंदावते. थोडक्यात, प्रत्येक श्वास हृदयाला व्हेगसच्या पूर्ण माऱ्यापासून वाचवत असतो. नवजात अर्भकाच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा भेटणार आहे.

हे नाते सस्तन प्राण्यांपुरतेच आहे, असे बराच काळ मानले जाई. दक्षिण अमेरिकेतील फुप्फुसमासा हा पाण्यावर तोंड काढून हवा घेणारा प्राचीन वंशातील मासा. तो हवा घेतो तेव्हा त्याच्या हृदयाचा वेगही बदलतो आणि त्याच्या व्हेगसमध्ये जलद वहन करणारे, आवरणयुक्त तंतू आहेत, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. मासे जमिनीवर येण्याच्या सुमारास ही जुळणी अस्तित्वात होती, असा त्याचा अर्थ.

इतकी जुनी जुळणी कशासाठी, याचे पूर्णपणे मान्य झालेले उत्तर नाही. जपानमधील जुनिचिरो हायानो आणि फुमिहिको यासुमा यांनी १९९६ मध्ये कुत्र्यांची व्हेगस कृत्रिमरीत्या उत्तेजित करून दोन प्रकारचे ताल निर्माण केले : एक नैसर्गिक, दुसरा उलटा. श्वास आत असताना ठोके जलद पडतात, अशा नैसर्गिक तालात फुप्फुसातील हवा आणि रक्त यांची गाठ अधिक चांगली पडत होती आणि प्राणवायू अधिक घेतला जात होता. ताजी हवा आली तेव्हाच अधिक रक्त पाठवायचे, हा हिशोब पटण्यासारखा आहे. पण माणसांवरील अभ्यासांत असा लाभ स्पष्टपणे दिसलेला नाही, आणि गणिती प्रतिकृती मांडणाऱ्या काही संशोधकांच्या मते खरा फायदा हृदयाचे श्रम वाचण्यात आहे.

गर्भाशयातील श्वास

आता पुन्हा पिल्लाकडे. खरे तर पिल्लाच्याही आधी सुरुवात करावी लागते. ऑक्सफर्ड येथे जेफ्री डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मेंढीच्या गर्भाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हवेचा संबंध नसतानाही गर्भातील कोकरू श्वासाच्या हालचाली करत होते, सुमारे ४० टक्के वेळ, आणि त्या विशिष्ट निद्रावस्थेतच. फुप्फुसे द्रवाने भरलेली, प्राणवायू नाळेतून येणारा, तरीही मध्यपटल हलत होते. पुढील नोंदींत असेही आढळले की या हालचालींच्या काळात गर्भाच्या हृदयाच्या ठेक्यात अधिक चढउतार होतो. म्हणजे श्वसनकेंद्र आणि हृदयाची व्हेगस यांची ओळख जन्मापूर्वीच होते, निदान मेंढीत.

‘निदान मेंढीत’ असे म्हणण्याला कारण आहे. कोकरू, वासरू, शिंगरू ही जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभी राहणारी पिल्ले. त्यांची तंत्रिकाव्यवस्था बरीच तयार होऊन येते. कुत्र्याची, मांजराची, उंदराची पिल्ले मिटल्या डोळ्यांनी जन्मतात आणि त्यांचे स्वायत्त तंत्रिका तंत्रही तसेच अपुरे असते. कुत्र्याच्या पिल्लात पहिल्या दोन आठवड्यांत हृदयावर व्हेगसचा अंमल फार क्षीण असतो. मानवी बाळ या दोहोंच्या मधले. वेळेआधी जन्मलेल्या बाळात श्वासाबरोबरचा चढउतार अगदी थोडा असतो. गर्भकाळ पूर्ण होत जातो तसा तो वाढतो, आणि शांत झोपेत अधिक दिसतो.

नवजात पिल्लाच्या ठेक्यात श्वास उमटत नाही, याची कारणे दोन पातळ्यांवर आहेत. एक अपुऱ्या व्हेगसचे. दुसरे निव्वळ गणिताचे : नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेते आणि त्याचे हृदय १२० ते १६० ठोके देते, म्हणजे एका श्वासाच्या वाट्याला जेमतेम तीन ठोके. श्वासाचे चक्र सेकंदा-दीड सेकंदात संपते. ॲसिटिलकोलीनचा परिणाम उतरतो न उतरतो तोच पुढचा श्वास येतो. तयार व्हेगसलाही इतक्या घाईत ठसा उमटवणे अवघड जाते. म्हणून नवजातात श्वासाचा प्रभाव एकेका श्वासाला दिसण्यापेक्षा, श्वास थांबल्यावर दिसतो.

पहिला श्वास आणि हृदय

गर्भात फुप्फुसांतून हृदयाच्या एकूण रक्ताचा सुमारे दहावा हिस्साच वाहतो. डाव्या बाजूच्या हृदयाला भरणारे रक्त मुख्यतः वारेकडून नाळेवाटे येते. जन्मानंतर नाळ तुटते, म्हणजे हा पुरवठा थांबतो. त्याची जागा फुप्फुसांतून येणाऱ्या रक्ताने घ्यायची असते. पण फुप्फुसांतील रक्तवाहिन्या मोकळ्या होतात त्या श्वास घेतल्यावर. श्वासापूर्वीच नाळ बांधली तर मधल्या काळात हृदयाला भरायला पुरेसे रक्तच नसते. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवर हे दाखवून दिले. नाळ आधी बांधून मग श्वास दिला, तेव्हा हृदयाचा वेग झपाट्याने घसरला. आधी श्वास देऊन मग नाळ बांधली, तेव्हा तो टिकून राहिला. येथे व्हेगसच्या दरवाजाचा संबंध गौण आहे. श्वास हृदयाला आज्ञा देत नाही, तो हृदयात रक्त आणून ओततो.

जन्मताच गुदमरलेल्या पिल्लाचे काय होते, याचे क्रमवार वर्णन डॉज यांनी ऱ्हीसस माकडांच्या नवजात पिल्लांवरून केले आहे. आधी धडपडीचे श्वास, मग श्वास थांबतो आणि हृदय मंदावते. त्यानंतर काही काळ आचके. तेही थांबले की दुसरा, अखेरचा श्वासरोध. पहिल्या श्वासरोधातील पिल्लू पुसण्याने, चोळण्याने श्वास घेऊ शकते. दुसऱ्यातील पिल्लाला बाहेरून हवा दिल्यावाचून ते जमत नाही. आणि हवा मिळताच काय सुधारते? आधी हृदयाचा वेग वाढतो. स्वतःचा श्वास नंतर येतो.

प्रसूतिगृहातील आजचे नियम यावरच उभे आहेत. जन्मलेल्या बाळाचे हृदय मिनिटाला १०० च्या खाली असेल तर पहिला उपाय मुखवट्यातून हवा देण्याचा. नीट हवा देऊनही ते ६० च्या खालीच राहिले तर छाती दाबायची. हवा बरोबर पोहोचते आहे की नाही, याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे हृदयाचा वाढता वेग. मोठ्या माणसाचे हृदय थांबले तर आपण आधी हृदयाचा विचार करतो. नवजाताचे मंदावले तर आधी श्वासाचा.

पशुवैद्यकांच्या बाबतीत याच मुद्द्यावर एक चूक होण्यासारखी असते. प्रौढ कुत्र्याचे हृदय भूल दिल्यावर मंदावले तर बहुधा दोष व्हेगसचा असतो आणि ॲट्रोपीन उपयोगी पडते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या पिल्लाचे हृदय मंद आढळले तर तेच औषध टोचण्याचा मोह होतो. पण त्याची व्हेगस अद्याप कामाला लागलेली नाही. हृदय मंदावले आहे ते स्नायूलाच प्राणवायू मिळत नाही म्हणून. अशा हृदयाला औषधाने पळवले तर त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा होता तेवढाच राहतो. पिल्लाला हवा आणि ऊब द्यावी, औषधाचा विचार नंतर.

वासराच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी, कारण त्याची व्हेगस जागी असते. अडलेल्या विण्यातून बाहेर आलेले वासरू श्वास घेत नसेल तर त्याला मागच्या पायांनी उलटे टांगण्याची रीत अनेक गोठ्यांत आहे. नाकातोंडातून चिकट पाणी गळताना दिसते, त्यामुळे छाती मोकळी झाल्यासारखे वाटते. पण त्यातले पुष्कळसे पोटातून आलेले असते, आणि पोटातल्या अवयवांचा भार मध्यपटलावर पडून श्वास घेणे अधिकच कठीण होते. त्यापेक्षा नाकातोंडातील चिकटा हाताने पुसावा, वासराला छातीवर, पाय पोटाखाली घेऊन सरळ बसवावे, कोरड्या कापडाने जोराने चोळावे, नाकपुडीत गवताची काडी फिरवावी, डोक्यावर किंवा कानात थंड पाणी सोडावे. यातून आचक्यासारखा खोल श्वास सुटतो. तळहात डाव्या बरगड्यांवर असू द्यावा : श्वास सुरू होताच हृदयाचा वेग चढतो. कुत्र्याची पिल्ले हातात धरून झटकण्याची प्रथाही अशीच सोडून देण्यासारखी आहे. झटक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

घसा साफ करण्यातही बेताने वागावे लागते. नवजाताच्या स्वरयंत्राला पाणी किंवा नळी लागली की खोकला येण्याऐवजी श्वास थांबतो आणि हृदय मंदावते. ही प्रतिक्षिप्त क्रिया गर्भात उपयोगी असावी, कारण तेथे भोवती सगळा द्रवच असतो. कोकरांत आणि डुकराच्या पिल्लांत ती चांगली अभ्यासली गेली आहे. वय वाढते तशी ती मागे पडून तिची जागा खोकला घेतो. सशक्त रडणाऱ्या बाळाच्या घशात सरसकट नळी घालू नये, असे आज सांगितले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

अपुऱ्या दिवसांच्या मानवी बाळांत डेली यांची दुसरी आज्ञा रोज पाहायला मिळते. अशी बाळे झोपेत मधूनच श्वास घ्यायचे थांबतात. २० सेकंदांहून अधिक काळ श्वास थांबला तर त्याला उपचारयोग्य श्वासरोध मानतात, आणि त्यापेक्षा कमी काळ असूनही हृदय मंदावले तरीही. यंत्राची घंटा अनेकदा हृदयासाठी वाजते, पण परिचारिका बाळाच्या तळपायाला हलकेच टिचकी मारते. बाळ श्वास घेते आणि हृदय आपोआप पूर्वपदावर येते. अशा बाळांना कॅफीन देतात, तेही श्वसनकेंद्र जागे ठेवण्यासाठी.

ठेक्याचे वाचन

कुत्र्याच्या पिल्लात आठवड्यांमागून आठवडे जातात, ठोक्यांची संख्या उतरत जाते, आणि एखाद्या दिवशी लस टोचताना पशुवैद्यकाच्या कानाला पहिला डुलणारा ठेका ऐकू येतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत तो पुढे फारच ठळक होतो, कधी कधी दोन ठोक्यांमध्ये भीती वाटावी इतका विराम पडतो. अरुंद श्वासमार्गातून जोराने ओढलेल्या प्रत्येक श्वासाची ती छाया असते.

उतारवयात या ठेक्याला पुन्हा महत्त्व येते. म्हातारा कुत्रा खोकू लागला की मालकाला हृदयविकाराची शंका येते. अशा वेळी स्टेथोस्कोपमध्ये श्वासाबरोबर झुलणारा ठेका ऐकू आला, तर खोकल्याचे मूळ बहुधा श्वासनलिकेत असते. हृदय निकामी होऊन फुप्फुसांत पाणी भरू लागलेल्या कुत्र्यात अनुकंपी तंत्रिकांचा जोर वाढलेला असतो, व्हेगस मागे हटलेली असते आणि ठोके जलद, एकसारखे पडू लागतात, काहीसे त्याच्या जन्माच्या दिवशी पडत होते तसे. मालकाला हे कानाने ओळखणे कठीण. त्याच्यासाठी सोपी मोजणी आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाभरात बरगड्या किती वेळा वर येतात, ते मोजावे. आकडा ३० च्या आत असावा. तो दिवसेंदिवस वाढत असेल तर ठोक्यांच्या वाटेला न जाता थेट दवाखाना गाठावा.